खातो, पण काम करतो!

आपल्या बुलडाणा जिल्ह्यात घाटावर जा वा घाटाखाली उतरा, नगरपालिकेचा विषय निघाला की एक वाक्य हमखास कानी पडते : "खातो, पण काम करतो." ते उच्चारणारा मनुष्य बहुधा स्वतः सचोटीचा असतो. दुकानातल्या उधारीची पै न् पै तो फेडतो, सापडलेले पाकीट परत करतो. तरीही नगराध्यक्षाच्या अथवा नगरसेवकाच्या बाबतीत त्याचा तराजू बदलतो. चोरी मान्य, फक्त तिच्यासोबत थोडे डांबर आणि चार दिवे असावेत, एवढीच त्याची अट असते. या वाक्यातील 'पण' हा शब्द आमच्या मते आपल्या सार्वजनिक जीवनातील सर्वांत महाग शब्द आहे. त्याची किंमत किती आणि ती कोण भरतो, हे शेजारच्या एका शहराच्या उदाहरणावरून आम्ही वाचकांपुढे मांडू इच्छितो.

ते शहर म्हणजे खानदेशातील जळगाव. मलकापूर ओलांडून मुक्ताईनगर, भुसावळ मागे टाकले की हे शहर लागते. आपल्याकडील, विशेषतः मलकापूर-नांदुऱ्याकडील, कित्येक कुटुंबांचे तेथे येणे-जाणे आहे. कोणी सोने घ्यायला जातो, कोणी मोठ्या दवाखान्यात, कोणाची लेक तेथे दिलेली आहे. जळगावला जे घडले ते परमुलखातले नाही.

या शहरावर सुमारे तीन दशके एका नेत्याची छाया होती. सुरेशदादा जैन १९८० मध्ये प्रथम विधानसभेवर निवडून आले आणि २०१४ पर्यंत जळगावचे आमदार राहिले. या काळात त्यांनी पक्ष अनेकदा बदलले. काँग्रेस झाली, समाजवादी काँग्रेस झाली, शिवसेना झाली, राष्ट्रवादी झाली आणि पुन्हा शिवसेना झाली. मतदाराने मात्र त्यांना बदलले नाही. युतीच्या आणि आघाडीच्या अशा दोन्ही राजवटींत ते मंत्री झाले. राज्याचे गृहनिर्माण खातेही त्यांनी सांभाळले. नगरपालिकेत कोण नगराध्यक्ष होणार आणि कोणता ठराव येणार, हे त्यांच्या शब्दावर ठरते, असे शहरात उघड बोलले जाई. पालिकेची सतरा मजली इमारत उभी राहिली तेव्हा जळगावकर पाहुण्यांना ती अभिमानाने दाखवीत. एवढ्या उंचीची पालिका आसपासच्या कोणत्या गावाला होती? कर्तृत्वाचा पुरावा म्हणून लोक त्या इमारतीकडे बोट दाखवीत आणि म्हणत, "दादांनी केले."

याच काळात, १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात, घरकुल योजना आली. झोपडपट्टीत राहणाऱ्या गरिबांसाठी शहराच्या नऊ ठिकाणी ११,४२४ घरे बांधण्याचा हा संकल्प होता. संकल्प उत्तम होता, यात शंका नाही. पत्र्याच्या नि तट्ट्यांच्या खोपटात ज्या आईने पावसाळे काढले, तिला पक्क्या भिंतीचे घर मिळणार असेल तर त्याहून पुण्याचे काम कोणते? पालिकेने कर्ज काढले आणि काम 'खानदेश बिल्डर्स' या मक्तेदार संस्थेला दिले. जमिनीच्या बिनशेती परवानगीसारख्या प्राथमिक गोष्टींचीही पूर्तता झालेली नसताना मक्तेदाराला कोट्यवधी रुपयांची बिनव्याजी आगाऊ रक्कम देण्यात आली, असा आक्षेप पुढे फिर्यादीत नोंदला गेला. घरे मात्र उभी राहिली सुमारे दीड हजार. म्हणजे ज्या आठ कुटुंबांना घराचे स्वप्न दाखवले, त्यांतील जेमतेम एकाच्या हाती किल्ली आली.

२००३ मध्ये जळगावची नगरपालिका महानगरपालिका झाली. पुढे आयुक्त म्हणून आलेले डॉ. प्रवीण गेडाम यांनी जुन्या कागदांत हात घातला आणि ३ फेब्रुवारी २००६ रोजी पोलिसांत फिर्याद दिली. २९ कोटींहून अधिक रकमेच्या अपहाराची ती फिर्याद होती. त्यानंतर सहा वर्षे प्रकरण थंड्या बस्त्यात राहिले. तपासाला खरी गती आली ती २०१२ मध्ये, आणि त्या वर्षीच्या मार्च महिन्यात सुरेशदादांना अटक झाली. राज्यमंत्री झालेले गुलाबराव देवकर हेही आरोपींत होते. सुरेशदादांना सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळण्यास सप्टेंबर २०१६ उजाडले. अखेर ३१ ऑगस्ट २०१९ रोजी धुळ्याच्या विशेष न्यायालयाने ४८ जणांना दोषी ठरवले. सुरेशदादांना सात वर्षे कारावास आणि १०० कोटी रुपये दंड झाला, देवकरांना पाच वर्षे कारावास झाला. या निकालाविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागण्यात आली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये सुरेशदादांना तेथे जामीन मिळाला. २०२४ मध्ये त्यांनी राजकारणातून निवृत्ती जाहीर केली. अपिलाचा निर्णय हा वरिष्ठ न्यायालयाचा अधिकार आहे आणि त्यावर भाष्य करण्याचा आमचा हेतू नाही. एका माणसाचा अधःपात पाहून टाळ्या पिटणे हेही ख्रिस्ती मनाला शोभत नाही. आम्हाला जे म्हणायचे आहे ते एका माणसाविषयी नाहीच. ते त्या ४८ जणांविषयी आहे, आणि त्यांच्याही पलीकडे उभ्या असलेल्या मतदारांविषयी आहे.

दोषी ठरलेल्या या ४८ जणांत मोठा भरणा कोणाचा होता? पालिकेच्या सभेत ठरावांना संमती देणाऱ्या नगरसेवकांचा. त्यांतील बहुतेकांना चार-चार वर्षांची शिक्षा झाली. ही माणसे कोणी अट्टल दरोडेखोर नव्हती. आपल्या प्रभागातल्या लग्नात अक्षता टाकणारी, मयताला खांदा देणारी, शाळेच्या दाखल्यासाठी चिठ्ठी लिहून देणारी, आपल्या ओळखीच्या माणसांसारखीच ती होती. वरून आलेल्या ठरावाला हात वर करणे म्हणजे पक्षशिस्त, अशी समजूत आपल्या गावोगावच्या सभागृहांत रुळलेली आहे. कायद्याच्या दृष्टीने त्या वर केलेल्या हाताचाही हिशेब असतो, हे धुळ्याच्या निकालाने सांगितले. ठराव न वाचता सही करणाऱ्या प्रत्येक सदस्याने, मग तो नगरपालिकेतला असो, पतसंस्थेतला असो वा एखाद्या धर्मग्रामाच्या समितीतला असो, हा निकाल ध्यानात ठेवावा.

आता मतदारांकडे वळू. सुरेशदादा तुरुंगात असताना सप्टेंबर २०१३ मध्ये जळगाव महापालिकेची निवडणूक झाली. आरोप सर्वांना ठाऊक होते, वृत्तपत्रांचे रकाने भरून वाहत होते. तरीही त्यांच्या गटाच्या खानदेश विकास आघाडीलाच सर्वाधिक जागा मिळाल्या. पुढच्या वर्षी विधानसभेला ते हरले. मात्र २०१९ च्या निकालात दोषी ठरलेल्यांत त्या वेळी महापालिकेत बसलेले काही नगरसेवकही होते. सत्ता एका झेंड्याखालून दुसऱ्या झेंड्याखाली गेली होती, परंतु जुनी माणसे नव्या झेंड्याखाली नांदत होती. एवढे होऊनही लोक का वळले नाहीत? कारण तेच एक वाक्य : "खातो, पण काम करतो."

या वाक्याला तीन टेकू आहेत आणि तिन्ही टेकू वाळवी लागलेले आहेत, असे आमचे म्हणणे आहे.

पहिला टेकू असा की काम तर झाले ना! काम किती झाले ते घरकुलांच्या आकड्यांनी सांगितलेच आहे. पण त्याहून मोठी गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. पालिका जेव्हा कर्ज काढून खर्च करते, तेव्हा फीत कापणारा हात एकाचा असतो आणि हप्ते भरणारे हात दुसऱ्यांचे असतात. हुडकोकडून घेतलेल्या कर्जाचे ओझे जळगाव महापालिका पुढे कितीतरी वर्षे वाहत राहिली. व्याज साचले, वसुलीचे दावे झाले. ज्या पैशातून रस्ते व्हायचे, नाल्या व्हायच्या, तो पैसा जुन्या कर्जाकडे वळत राहिला. जी मुले योजना आली तेव्हा जन्मलीही नव्हती, ती मोठी होऊन खड्ड्यांतून सायकल हाकीत शाळेला गेली. नेता खातो तेव्हा तो आपल्या डोळ्यांसमोरच्या ताटातले खात नाही. तो आपल्या नातवाच्या ताटातले खातो, म्हणून आपल्याला ते दिसत नाही.

आणि ज्यांना घर मिळायचे होते त्यांचे काय? न्यायालयाने दंड ठोठावला. तो भरला गेला तरी त्या झोपडीतल्या आईचे पावसाळे तिला परत मिळत नाहीत. आपल्या श्रद्धेत या बाबतीत एक स्पष्ट शिकवण आहे. चोरीचे पाप कबूल केले म्हणजे भागले, असे पापनिवेदनात होत नाही. जे घेतले ते ज्याचे त्याला परत करावे लागते. यरीहोच्या जक्कयाने प्रभूचे घरी स्वागत केले तेव्हा जेवणावळीचे कौतुक सांगितले नाही. ज्याला लुबाडले त्याला चौपट देईन, असे तो म्हणाला. 'पण काम करतो' म्हणणारे लोक जक्कयाला चौपट परतफेडीतून सूट देऊ पाहतात. जक्कयाने स्वतः ती मागितली नव्हती.

दुसरा टेकू असा की सगळेच खातात, न खाता सार्वजनिक काम होतच नाही. हे बोलणारा माणूस बुलडाणा जिल्ह्यातला असेल तर आम्ही त्याला शेगावची आठवण देऊ. श्री गजानन महाराज संस्थान हे आपल्या श्रद्धेचे ठिकाण नाही, परंतु शेजाऱ्याच्या घरचा चांगुलपणा डोळसपणे पाहणे हे आपले कर्तव्य आहे. १९०८ पासून चालत आलेल्या या संस्थेत वर्षाकाठी लाखो माणसे येतात. भोजन, निवास, दवाखाने, अभियांत्रिकी महाविद्यालय असा पसारा आहे. हजारो सेवेकरी तेथे पाळीपाळीने विनामूल्य सेवा देतात. दीर्घकाळ या कारभाराची धुरा वाहणारे शिवशंकरभाऊ पाटील ४ ऑगस्ट २०२१ रोजी निवर्तले तेव्हा त्यांची ओळख म्हणून लोकांनी इमारतींची यादी वाचली नाही. या माणसाने संस्थेचे काही घरी नेले नाही, हेच प्रत्येकाच्या तोंडी होते. स्वच्छता, शिस्त आणि हिशेब ही त्या ठिकाणची ख्याती आहे. जे एका देवस्थानाच्या आवारात शक्य आहे ते त्याच गावच्या, त्याच माणसांच्या नगरपालिकेत अशक्य कसे? माती तीच, पाणी तेच. फरक अपेक्षेचा आहे. देवाच्या दारी आपण सचोटीची अपेक्षा धरतो, पालिकेच्या दारी धरत नाही. जेवढी अपेक्षा, तेवढाच कारभार पदरी पडतो.

तिसरा टेकू सर्वांत नाजूक आणि म्हणून सर्वांत घातक आहे : तो आपला माणूस आहे. आपल्या जातीचा, आपल्या गल्लीचा, आपल्या अडीअडचणीला धावणारा. येथे आम्ही वाचकांना आपल्याच श्रद्धाबंधूंच्या इतिहासातील एक प्रकरण सांगतो, म्हणजे हा दोष केवळ इतरांचा आहे असा भ्रम राहणार नाही.

अमेरिकेतील बॉस्टन शहरात एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमधून दुष्काळाने पळालेले हजारो कॅथलिक येऊन राहिले. जुन्या धनिक प्रॉटेस्टंट घराण्यांनी त्यांना हिणवले, चांगल्या नोकऱ्यांपासून दूर ठेवले. त्यांच्यातून जेम्स मायकल कर्ली नावाचा पुढारी वर आला. मतदारसंघातील एका माणसाला टपाल खात्यात नोकरी मिळावी म्हणून कर्लीने त्याच्या नावाने परीक्षा दिली. त्याबद्दल १९०४ मध्ये त्याला तुरुंगवास झाला आणि तुरुंगातूनच तो नगरसभेवर निवडून आला. त्याने मित्रासाठी केले, असे लोक कौतुकाने म्हणत. १९१४ ते १९५० या काळात तो चार वेळा महापौर झाला, मध्ये एकदा राज्यपालही झाला. त्याने दवाखाने बांधले, बागा केल्या, हजारो गरिबांना रोजगार दिला, हे खरे आहे. १९३८ मध्ये न्यायालयाने त्याला शहराचे बेचाळीस हजारांहून अधिक डॉलर परत करण्याचा आदेश दिला, तेव्हा गरीब लोक आपली नाणी घेऊन त्याच्या दारात रांगेने उभे राहिले. १९४७ मध्ये टपालामार्फत केलेल्या फसवणुकीबद्दल त्याला पुन्हा शिक्षा झाली. महापौरपद न सोडता त्याने पाच महिने तुरुंगात काढले आणि परतला तेव्हा त्याचे वाजतगाजत स्वागत झाले.

ज्यांचे पैसे गेले त्यांनीच वर्गणी काढून चोराचा दंड भरावा, हे दृश्य हास्यास्पद वाटते. परंतु त्या रांगेतल्या माणसांना आम्ही हसणार नाही. ज्या समाजाला सरकारी दार कधी उघडले नाही, त्याला दार उघडून देणारा माणूस देवदूतच वाटतो. दार मुळात आपल्या हक्काचे होते, त्याची किल्ली याने स्वतःच्या खिशात ठेवली होती, हे ध्यानी यायला वेळ लागतो. बॉस्टनच्या मतदाराला ते ध्यानी आले १९४९ मध्ये. त्या वर्षी त्याने कर्लीला घरी बसवले आणि त्याच्याच कचेरीत इमाने काम केलेल्या जॉन हाइन्स नावाच्या साध्या अधिकाऱ्याला महापौर केले. हाइन्सही आयरिश, हाइन्सही कॅथलिक. आपला माणूस आणि प्रामाणिक माणूस एकच असू शकतो, हा शोध लागायला त्या समाजाला पंचेचाळीस वर्षे लागली.

अमरावती धर्मप्रांतात, विशेषतः बुलडाण्यात, आपला समाज मूठभर आहे. मूठभर समाजाला आश्रयदात्याचा मोह अधिक असतो. दफनभूमीला कुंपण हवे असते, चर्चकडे जाणारा रस्ता हवा असतो, नाताळात आवारापुढे दिवे हवे असतात. कोणी नगरसेवक येतो, पेव्हर ब्लॉक टाकून देतो, नारळ फुटतो, फोटो निघतो, आणि आपण त्याला हार घालतो. तो पैसा त्याचा नव्हता. घरपट्टी, पाणीपट्टी आणि शासनाचे अनुदान यांतून, म्हणजे तुमच्या-आमच्या खिशातूनच तो आला होता. हार घालण्यास आमची हरकत नाही. हार घातल्यावर जीभ गहाण पडते, तिला आमची हरकत आहे. दफनभूमीच्या कुंपणाच्या बदल्यात शेजारच्या झोपडपट्टीतील नळयोजनेविषयी आपण गप्प बसणार असू, तर ते कुंपण आपल्याला फार महाग पडले.

कोणी म्हणेल, हे पोटभरल्यांचे तत्त्वज्ञान झाले. ज्याच्या घरी चूल पेटण्याची भ्रांत आहे त्याला रेशनकार्ड कोण काढून देतो, रात्री दवाखान्यात कोण नेतो, एवढेच दिसणार. आक्षेप रास्त आहे आणि आम्ही तो झटकून टाकीत नाही. गरीब माणूस पुढाऱ्याला चिकटतो तो लोभाने नव्हे, निरुपायाने. परंतु म्हणूनच या लढाईत पहिले पाऊल ज्यांची चूल पेटते त्यांनी उचलले पाहिजे. घरकुल बुडाले ते त्यांचे नव्हते. ज्याचे बुडाले त्याला सभागृहाच्या पायऱ्या चढण्याचेही धैर्य नव्हते. महाराष्ट्रात लोकसेवा हक्काचा कायदा २०१५ पासून आहे, माहितीचा अधिकार २००५ पासून देशभर आहे. दाखला, नळजोडणी, जन्ममृत्यूची नोंद या गोष्टी मेहेरबानीच्या नाहीत, हे शिकलेल्या शेजाऱ्याने न शिकलेल्या शेजाऱ्याला सांगायचे आहे. अर्ज लिहून देणारा एक तरुण प्रत्येक वस्तीत उभा राहिला, तर दहा आश्रयदात्यांची दुकाने बंद होतील.

२०२५ च्या डिसेंबरात दीर्घ प्रशासकीय राजवटीनंतर नगरपालिकांच्या निवडणुका झाल्या आणि नगराध्यक्ष थेट लोकांच्या मतांनी निवडले गेले. आपल्या जिल्ह्यात महानगरपालिका नाही, त्यामुळे महापौरही नाही. परंतु जळगावचे घरकुल प्रकरणही महापौराच्या नव्हे, नगराध्यक्षाच्या काळात शिजले होते, हे विसरू नये. लहान पालिकेत डोळे कमी असतात, म्हणून तेथे चोरी सोपी असते.

तेव्हा मत देऊन आपले काम संपले असे मानू नका. पालिकेचा अर्थसंकल्प मंजूर होतो तेव्हा त्याची प्रत मागा. नवे कर्ज काढण्याचा ठराव आला की ते कोणत्या उत्पन्नातून फिटणार, हे विचारा. काम सुरू होण्याआधी मक्तेदाराला किती आगाऊ रक्कम दिली आणि ती कशी वसूल होणार, हे विचारा. लेखापरीक्षणातील आक्षेपांवर पालिकेने काय उत्तर दिले, तेही विचारा. जळगावात हे प्रश्न सभागृहाबाहेरच्या शंभर माणसांनी वेळीच मोठ्याने विचारले असते, तर कदाचित कोणाला तुरुंगात जावे लागले नसते आणि किल्लीची वाट पाहणाऱ्या कुटुंबांना आपल्या घराचा उंबरा लाभला असता.

यापुढे कोणी आपल्यासमोर "खातो, पण काम करतो" म्हणाला, तर त्याच्याशी वाद घालू नका. त्याला इतकेच विचारा, "कोणाचे खातो?" आणि त्याचे उत्तर येईपर्यंत तेथून हलू नका.